आमच्या घरातलं पेव : नवरा-बायकोनं मिळून हिशेब मांडायची रीत

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा घरखर्चाची वही सुरू केली. रात्री जेवणं उरकली की वही घेऊन बसायची आणि ह्यांना विचारायची, "आज किती गेले? कशाला गेले?" पंधरा दिवसांत आकडे सांगताना हे चाचरायला लागले. मग काही खर्च सांगेनासेच झाले. महिनाअखेरीला कारखान्याच्या कोपऱ्यावरच्या टपरीची साडेतीनशे रुपयांची उधारी मला दुसऱ्याकडून कळली आणि आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. वही माळ्यावर गेली.

आज तीच वही आम्ही दर रविवारी संध्याकाळी उघडतो आणि दोघंही त्या वेळेची वाट बघतो. पगार वाढला म्हणून हे झालं नाही. हिशेब मागणं बंद केलं आणि हिशेबाला बरोबर बसणं सुरू केलं, म्हणून झालं. ते कसं केलं, हे क्रमानं सांगते. आकडे आमच्याच घरचे आहेत. हे कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहेत, मी मिरजेत एका दवाखान्यात रिसेप्शनला. मुलगी दुसरीत. सांगलीत विश्रामबागेत भाड्यानं राहतो. दोघांचे मिळून महिन्याला ४८,५०० हातात येतात.

पहिला महिना नुसता बघण्याचा

सुरुवातीलाच काटकसर ठरवू नका. "या महिन्यापासून बाहेरचं खाणं बंद" असं म्हटलं की दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी ते मोडतं आणि मग मोडणारा गुन्हेगार ठरतो. पहिला महिना फक्त लिहायचं. काही कमी करायचं नाही, कुणाला टोकायचं नाही.

लिहायला दोघांचे फोन पुरतात. हल्ली दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धा स्कॅन करून घेतो, त्यामुळे निम्मा हिशेब फोनमध्ये आपोआप पडलेला असतो. रोख खर्चासाठी फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि त्यावर नुसता आकडा आणि एक शब्द लिहा : "४० रिक्षा", "१२० फुलं-नारळ". महिना संपला की दोघांनी एकत्र बसून सगळं ढिगात वाटायचं. आमचे ढीग असे पडले :

घरभाडं ८,०००
किराणा, दूध, भाजी ११,५००
लाईट, गॅस, मोबाइल, नेट २,८००
पेट्रोल ३,२००
मुलीची फी आणि शाळेची रिक्षा ४,५००
गावी आई-आबांना ४,०००
गाडीचा हप्ता २,७००

एकूण ३६,७००. म्हणजे ११,८०० उरायला हवे होते. पण हातात काहीच उरत नव्हतं, आणि दोघांच्याही मनात एकच शंका होती, की समोरचा कुठेतरी उडवतोय. ढीग समोर मांडल्यावर ती शंका गेली. कुणीच उडवत नव्हतं. पैसे जात होते ते वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांकडे आणि दोघांच्या फुटकळ खर्चांकडे.

याच बैठकीत एक अवघड गोष्ट उरकून घ्या. कुणाची काही उधारी, मित्राकडून घेतलेले हातउसने, मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज, भावाला गुपचूप दिलेली रक्कम, जे असेल ते सांगून टाका. आणि ऐकणाऱ्यानं त्या दिवशी फक्त ऐकायचं. ह्यांनी अकरा हजारांचं हातउसनं सांगितलं तेव्हा मला रडू आलं होतं. पण मी "बरं झालं सांगितलंत" एवढंच म्हणाले. पुढची सगळी वाट त्या एका वाक्यावर उभी राहिली असं मला वाटतं.

वर्षाचं पंचांग मांडा

पगारदार माणूस महिन्याचा विचार करतो, पण सांगलीकडचं घर वर्षावर चालतं. मार्च-एप्रिलमध्ये गहू-शाळू भरायचे, मिरच्या निवडून, उन्हात वाळवून, मसाला भाजून डंकावर चटणी कुटून आणायची, नवी हळद घ्यायची, कुरडया-शेवया घालायच्या. जूनला शाळा. मग गौरी-गणपती, दिवाळी, जत्रा, लग्नसराईतले आहेर. यातलं काहीही अचानक येत नाही. दरवर्षी त्याच महिन्यात येतं आणि दरवर्षी आपल्याला धक्का बसतो.

भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि दोघं मिळून बारा पानं उलटा. ज्या महिन्यात मोठा खर्च येतो तिथे पेन्सिलीनं आकडा लिहा. ही बैठक खरंच रंगते, कारण प्रत्येक पानाबरोबर आठवणी निघतात. आमची यादी : शाळेची सुरुवात १४,०००, वर्षाची बेगमी ११,०००, गौरी-गणपती ५,०००, दिवाळी १३,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,५००, जत्रा आणि आहेर ५,५००. शिवाय दोघांच्या सरकारी विम्याचे ९१२ रुपये. यात पंतप्रधान जीवनज्योतीचा वार्षिक हप्ता प्रत्येकी ४३६ आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, फक्त सुरक्षा विमा अपघातापुरता. हप्ता मेअखेरीच्या सुमारास खात्यातून आपोआप कापला जातो, तेव्हा त्या आठवड्यात खात्यात शिल्लक ठेवा. शिल्लक नसली तर संरक्षण तुटतं आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

बेरीज ५३,९१२. बारांनी भागले की महिन्याला जवळजवळ ४,५००. पगार झाला की हे पैसे आम्ही तिसऱ्याच एका खात्यात टाकतो. त्या खात्याचं कार्ड घरात डब्यात असतं, फोनवर ते जोडलेलं नाही. या एका गोष्टीनं आमच्या घरातली जूनची भांडणं संपली. या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत, तर हे करा.

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांच्यासाठी एक सूचना. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी असा नियम आहे, पण बिल टप्प्याटप्प्यानं येणं हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. म्हणून ऊसबिल महिन्याच्या खर्चात धरू नका. ते आलं की वर्षाच्या खात्यात भर, पेरणीची तजवीज, सोसायटीचं कर्ज अशा मोठ्या कामांना लावा. रोजचा भाजीपाला त्यावर टाकला की दुकानाची उधारी चालू झालीच म्हणून समजा.

हातखर्च, ज्याचा हिशेब मागायचा नाही

हिशेबात आनंद यायचा असेल तर तो इथून येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

दर एक तारखेला आम्ही दोघं प्रत्येकी १,२०० रुपये आपापल्या खात्यात घेतो. हे पैसे ज्याचे त्याचे. त्यातून हे टपरीवर मित्रांना चहा पाजोत, क्रिकेटचे बूट घेवोत किंवा गाडीला सीटकव्हर घालोत. मी पार्लरला जाईन, मैत्रिणींबरोबर भेळ खाईन, नाहीतर चार महिने साठवून एक साडी घेईन. "कशाला घेतलं?" हा प्रश्न इथे चालत नाही. चेहऱ्यानंसुद्धा विचारायचा नाही.

रक्कम दोघांची सारखीच हवी, यावर मी ठाम आहे. माझा पगार १७,५००, ह्यांचा ३१,०००. तरी हातखर्च सारखा, कारण घर चालवण्याचं काम दोघांचं आहे. बायको घरीच असेल, बाहेर कमवत नसेल, तरी तिला नवऱ्याइतकाच हातखर्च मिळायला हवा आणि तो न मागता तिच्या खात्यात पडायला हवा. वीस रुपयांच्या टिकल्यांसाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागणं यात मोठा अपमान आहे. माझ्या आईनं तो आयुष्यभर गिळला, म्हणून हे लिहिताना माझा आवाज चढत असेल तर चढू दे.

तुमच्याकडे १,२०० निघत नसतील तर ३०० घ्या. रकमेपेक्षा विचारणा नसणं महत्त्वाचं आहे. गंमत अशी की हातखर्च ठरल्यावर आमचे दोघांचेही फुटकळ खर्च कमी झाले. पैसे स्वतःचे झाले की माणूस ते जपून वापरतो.

मग आमचा महिना असा बसला : ठरलेले खर्च ३६,७००, वर्षाचं खातं ४,५००, बचत ४,०००, दोघांचा हातखर्च २,४००, आणि उरलेले ९०० आमच्या तिघांच्या मजेचे. पगाराचे अर्धे गरजेला, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के बचतीला, असा एक नियम मोबाइलवर फार फिरतो. गावी आई-वडिलांना पैसे पाठवणाऱ्या, भाड्यानं राहणाऱ्या आमच्यासारख्या घरात तो बसत नाही. तो बसला नाही म्हणून स्वतःला कमी समजू नका. तुमचे ढीग तुमच्या घरावरूनच पडू द्या.

रविवारची बैठक

वेळ ठरलेली हवी. आमची रविवारी संध्याकाळी पाचची. मुलगी खाली खेळायला गेलेली असते. चहा, ताटलीत भडंग, वर बारीक कांदा आणि कोथिंबीर. हे खाणं फक्त हिशेबालाच निघतं. दोघांचे फोन टेबलावर, आवाज बंद. पाऊण तासात उठायचं, काम राहिलं तरी.

सुरुवात आकड्यांनी करत नाही. आधी दोघांनी आठवड्यातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च सांगायचा. मागच्या रविवारी हे म्हणाले, "लेकीला पावसात भिजताना बघून घेतलेली छत्री." मी म्हणाले, "आबांच्या चष्म्याची नवी काच." पैसे गेल्याची हळहळ कमी होते आणि ते कामाला आले याचा आनंद वर येतो. मग पुढचे आकडे जड वाटत नाहीत.

नंतर अंदाजाचा खेळ. फोन उघडायच्या आधी प्रत्येकानं कागदावर लिहायचं, या आठवड्यात भाजीला किती गेले, पेट्रोलला किती गेले. मग बघायचं. ज्याचा अंदाज जवळचा, त्यानं रविवारच्या रात्रीचा बेत ठरवायचा आणि दुसऱ्यानं तो रांधायचा. पहिले दोन महिने मी पेट्रोलला सपशेल चुकायची आणि हे भाजीला. या खेळानं आम्हाला एकमेकांची कामं कळली.

त्यातूनच पुढे अदलाबदल सुचली. वर्षातून दोनदा, एकेक महिना, किराणा-भाजी हे बघतात आणि गॅस, लाईटबिल, गाडी मी. पहिल्या खेपेला हे मंडईतून परत आले ते पिशवी ठेवून म्हणाले, "अगं, टोमॅटो कालच्यापेक्षा दुप्पट! तू हे रोज कसं निभावतेस?" दहा वर्षांच्या संसारात ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मलाही कळलं की गाडीचं टायर बदलायला लागतं तेव्हा ते कुणाची हौस नसते.

बैठकीचे नियम आमच्याकडे तीनच. "तुम्ही नेहमी" आणि "तू कधीच" अशी सुरुवात करायची नाही. मागच्या महिन्यातलं उकरून काढायचं नाही. आणि आवाज चढला की चहा परत गरम करायला उठायचं, उठेल त्याला थांबवायचं नाही. एखाद्या रविवारी दोघांपैकी कुणी फार दमलेलं असेल तर फक्त सार्थकी खर्च सांगून वही मिटा.

हे काही नवं शोधलेलं नाही. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही काढली. त्या रीतीला तिकडे काकेइबो म्हणतात. त्यात महिन्याला चारच प्रश्न विचारतात : किती आहेत, किती शिल्लक टाकायचे, किती खर्चले, आणि पुढच्या महिन्यात काय सुधारता येईल. चौथा प्रश्न आम्ही महिन्याच्या शेवटच्या रविवारी घेतो, पण तो ज्यानं त्यानं स्वतःपुरता विचारायचा. मी माझं सांगते, हे ह्यांचं.

पुराची पेटी आणि पेव

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागात राहत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एका बॅगेनिशी नातेवाइकांकडे आलो. वीज नव्हती, फोनला नेटवर्क नव्हतं, आजूबाजूची एटीएम बंद. खात्यात पैसे होते पण दूध घ्यायला हातात रोख नव्हती. ते दिवस मी विसरणार नाही.

म्हणून महिन्याच्या ४,००० बचतीतले २,५०० आधी पुराच्या पेटीत. पहिलं लक्ष्य एका महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे आमचे ३६,७००. या गतीनं सव्वा वर्ष लागलं. आता तीन महिन्यांच्या खर्चाकडे चाललोय. यातले पाच हजार रोख, लहान नोटांत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रांच्या फाइलबरोबर ठेवलेत. बाकीचे बचत खात्यात आणि मोडता येईल अशा मुदत ठेवीत. पूररेषेजवळ राहत असाल तर घराच्या विम्याचीही चौकशी करा. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते. त्यात पूर धरलेला आहे आणि भाडेकरूला फक्त घरातल्या सामानाचा विमाही घेता येतो.

उरलेले १,५०० पेवात.

सांगलीजवळच्या हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेलात तर तिथल्या जुन्या माणसांना पेवांबद्दल विचारा. जमिनीत खोल खणलेल्या पेवांत व्यापारी हळद भरून तोंड बंद करत. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. पण आमच्या बचतीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ह्यांना तेच सुचलं. एरवी आपण "खर्चाचं पेव फुटलं" म्हणतो. आमच्या घरातलं पेव भरायचं असतं आणि मधेच उघडायचं नसतं.

पेव कशासाठी, हे दोघांनी ठरवायचं आणि ते एकच असायला हवं. "भविष्यासाठी" असं मोघम ठेवलं की पैसे टिकत नाहीत. आम्ही पोस्टात आवर्तक ठेव उघडली आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एका मडक्याचं चित्र काढलं. दर महिन्याला लेक त्यात हळदीच्या रंगाची एक पट्टी भरते. पहिलं पेव आहे तिघांनी रेल्वेनं कन्याकुमारीला जायचं. पट्ट्या चढताना बघून तिनंच एकदा दुकानात सांगितलं, "हे नको, आपल्याला समुद्र बघायचाय."

भिशी, पतसंस्था आणि अंगावरचं सोनं

भिशी मला आवडते. दर महिन्याला मैत्रिणी भेटतात आणि एकरकमी पैसा येतो. पण ओळखीच्या दहा-बारा जणींचीच ठेवा, क्रम सगळ्यांसमोर ठरवा, आणि दामदुप्पट सांगणाऱ्या भिशीकडे फिरकू नका.

ठेव कुठे ठेवायची, हेही रविवारी दोघांनी बसून ठरवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, व्याज पतसंस्थेत थोडं जास्त असतं, आणि माणसं फसतात. माझ्या मावशीची आयुष्यभराची शिल्लक अशाच एका ठिकाणी अडकली. मावशीनं काकांना न विचारता पैसे ठेवले होते आणि काकांनीही मावशीला न सांगता तिथेच ठेवले होते. एकदा जरी एकत्र बसले असते तरी निम्मे वाचले असते.

सोनंतारणाबद्दल एवढंच, की बायकोचं स्त्रीधन कायद्यानंही तिचं आहे. ते गहाण ठेवायचा विचार तिनं आपणहून बोलून दाखवेपर्यंत यादीत येऊ नये.

महिना बिघडला तर

बिघडणारच. लेकीला डेंग्यू झाला तो महिना आमची सगळी घडी मोडून गेला. तेव्हा हातखर्चाला कात्री लावायचा मोह होतो. तो आवरा. आधी पुराची पेटी उघडा, मग पेवाची पट्टी एक महिना कोरी ठेवा, मग मजेचे नऊशे. हातखर्च सगळ्यात शेवटी, आणि कमी करायचा झाला तर दोघांचा सारखाच. मजा मात्र बंद करू नका, फक्त तिचा खर्च कमी करा. त्या महिन्यात आम्ही घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दंडोबाच्या डोंगरावर गेलो. गाडीचं पेट्रोल धरून दोनशेच्या आत सगळं झालं.

पाडव्याला नवी वही

वर्षाचा ताळा आम्ही दिवाळीत घालतो. लक्ष्मीपूजनाला जुनी वही पूजेत ठेवायची, दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदेला नवी उघडायची. पहिल्या पानावर तीन ओळी : यंदा कुठला ढीग वाढला, हातखर्च वाढवता येतोय का, आणि पुढचं पेव कशाचं. एवढं लिहून झालं की मी ह्यांना ओवाळते.

ओवाळणी घरखर्चातून घालायची नाही, हा नियम ह्यांनी स्वतःच घातला. मागच्या पाडव्याला ताटात एक पाकीट पडलं. आत शंभर-शंभरच्या बारा नोटा होत्या. दर महिन्याला आपल्या हातखर्चातली एक बाजूला काढून ठेवलेली. मी कशाला, कुठून, काही विचारलं नाही. वहीत त्याची नोंदही नाही.